समुद्रात जीप धुवायला नेली तेव्हा

आमची जीप समुद्रात गेली होती, ही गोष्ट आमच्या घरात दोन प्रकारे सांगितली जाते. नवरा सांगतो त्यात जीप जराशी रुतली होती आणि सगळ्यांनी मिळून काढली. त्याचं ऐकू नका. मी होते म्हणून निघाली, आणि हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे.

आधी माझं दुखणं सांगते. माझं माहेर गेवराईकडचं, गोदावरीच्या काठावरचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वडील नदीच्या पात्रातच टरबुजं लावायचे. आम्ही चार बहिणी, त्यात मी थोरली. टरबुजांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरनं वाळूतून वर काढायचं काम कळत्या वयापासून माझ्याकडेच. सासर मिळालं ते कड्याजवळ, आष्टी तालुक्यात. इथे खडक पाहिजे तेवढा, वाळू नावाला नाही. ट्रॅक्टर मी इथेही चालवते, आणि त्याला सासऱ्यांची हरकत नाही, उलट कौतुकच. पण दोन वर्षांपूर्वी मी रीतसर लायसन काढून आणलं, तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“रानात चालिवतीस तेवढं बास हाय,” ते म्हणाले. “रोडवर बाईमानसानं जीप हाकली तर लोक आमाला काय म्हनतील?”

लायसन कपाटात लग्नाच्या शालूखाली जाऊन बसलं. मी वरून गप्प बसले, आतून नाही. अंगणात उभी असलेली जीप रोज झाडता-पुसताना मला तिचा आणि सासऱ्यांचा दोघांचाही राग यायचा.

दिवाळीनंतर रत्नागिरीला जायचं ठरलं. समुद्र सासूबाईंनी पाहिला नव्हता, मी पाहिला नव्हता, खरं तर नवरा सोडला तर कुणीच पाहिला नव्हता. आणि तोही एकदा लग्नाला गेलता तेव्हा बसच्या खिडकीतून. धारा काढायला धाकटी जाऊ घरी राहिली. आदल्या दिवशी मी शालूखालून लायसन काढून पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याला सरळ विचारलं, मला चालवायला देणार का?

“देतो की. पुढं गेल्यावर देतो.”

हे ‘पुढं’ काही येईना. दौंड गेलं, सातारा गेला, कराड गेलं. सासरे पुढच्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मागे सासूबाई, माझी बारा वर्षांची लेक, मी आणि तीन वाकळा. लॉजच्या पांघरुणात आपल्या आधी कोण निजलं होतं ते देवालाच ठाऊक, असं सासूबाईंचं मत. आंबा घाटात नवऱ्यानं जीप तिसऱ्या गिअरमध्ये उतरवायला घेतली. ब्रेकचा जळका वास सुटला तेव्हा मी म्हणाले, “अहो, दुसरा टाका.” त्यावर सासरे मागे न बघता म्हणाले, “मागनं बोलू नको. त्याला भ्या वाटतंय.” पण गिअर दुसरा पडला, हे मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरी पाहिली. थिबा राजवाड्यात सासूबाईंनी खिडक्या मोजायला सुरुवात केली आणि “पुसायला किती बाया लागत असतील” म्हणून मध्येच सोडून दिल्या. मग रत्नदुर्गावरून खाली पाहिलं. तिन्ही बाजूंनी पाणी. आमच्याकडे चार हंडे पाण्यासाठी बाया तास तास उभ्या राहतात. मला आधी राग आला, मग हसू आलं.

दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनापलीकडे ओली वाळू लांबवर पसरलेली, पाणी पार दूर. सासऱ्यांनी जीपकडे पाहिलं. घाटातल्या लाल मातीनं ती ओळखू येत नव्हती.

“गाडी पान्याकडं घे,” ते नवऱ्याला म्हणाले. “येवढं पानी हाय तर धून काढू.”

बाहेरचा माणूस याला हसेल. पण आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल, मग ट्रॅक्टर, मग मोटारसायकली, सगळं ओढ्यातच धुतलं जातं. पाणी दिसलं आणि गाडी तशीच मळकी परत नेली, तर त्याला आळशी म्हणतात. मी एवढंच म्हणाले, की वाळूत जड गाडी नेऊ नये. नवरा म्हणाला, “आगं बघ की, सिमिटावानी कडक हाय.” कडक होतीच. जीप थेट पाण्याच्या कडेला गेली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती धुतली. मीही धुतली, खोटं कशाला बोलू. सासरे बॉनेटवर बादल्या ओतत होते, लेक टायर घासत होती, सासूबाई कासोटा खोचून मागची काच पुसत होत्या. इतकं हसलो होतो आम्ही.

बघता बघता पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पिंढरीला लागलं. सासरे वर बघून म्हणाले, “धरनातनं पानी सोडलं का काय?”

शहाळी विकणारा एक माणूस लांबून हात हलवत पळत आला. “अहो, भरती लागलीय! आधी गाडी काढा! तासाभरात पाणी बॉनेटवर येईल!”

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं, हे आम्हाला पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं पाणी पायाला लागत नाही. नवऱ्यानं उडी मारून जीप रिव्हर्सला टाकली आणि जोरात अॅक्सिलेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि अर्धी वाळूत गेली. त्यानं आणखी दाबला, जीप आणखी बसली. पाच-सहा जण ढकलायला आले, त्यांचेच पाय रुतायला लागले. शहाळीवाला म्हणाला, गावातून ट्रॅक्टर बोलावतो, पण यायला वेळ लागेल. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी.

मी दार उघडलं. “उतरा,” नवऱ्याला म्हणाले.

त्यानं वडिलांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, “आगं, तू कावून मधी—”

“मामा, तुमी बी बाजूला व्हा,” मी म्हणाले. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. “पानी नवं हाय, पर वाळू माज्या वळखीची हाय.”

मग मी हुकूम सोडायला लागले. लेकीला सांगितलं, केसातली पिन काढ आणि चारही टायरची निम्मी हवा सोड. टायर बसका झाला की वाळूवर पसरतो, रुतत नाही. नवऱ्याला आणि सासऱ्यांना मागच्या चाकांमागची वाळू हातानं उकरायला लावली. शहाळीवाल्यानं नारळाच्या झावळ्या आणल्या, त्या चाकांखाली सारल्या. वडील पात्रात उसाचं पाचट घालायचे आणि त्यावर गोणपाट. गोणपाट कुठून आणू, असं म्हणेपर्यंत सासूबाई वाकळा घेऊन उभ्या. त्यांच्या हातच्या वाकळा, जुन्या लुगड्यांच्या.

“घे बाई. वाकळ काय, फिरून शिवता यील.”

मी सीटवर बसले. लाट जीपच्या दाराला लागून गेली. क्लच अगदी हळू सोडला, जीप वीतभर मागे आली आणि अडली. मी जोर केला नाही. वाळूवर जोर केला की ती चिडते, हे वडिलांचं वाक्य. थोडी पुढे घेतली, परत मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा मागच्या चाकानं वाकळ धरली. जीप एकदम वर उचलली गेली आणि मी आमच्याच येतानाच्या चाकोरीवरून, स्टिअरिंग न हलवता, तिला तशीच मागे सोडली ती थेट सुरूच्या बनापर्यंत. वाटेत थांबले असते तर संपलं असतं.

थांबल्यावर मी हॉर्न वाजवला. काही गरज नव्हती. तीनदा वाजवला.

लोक टाळ्या वाजवत होते, लेक नाचत होती, नवरा कमरेवर हात ठेवून वाळूतच बसला होता. सासरे भिजलेल्या वाकळा पिळत होते. खारं पाणी लोखंड खातं म्हणून शहाळीवाल्यानं ओळखीच्या गॅरेजमध्ये जीप गोड्या पाण्यानं धुवून घ्यायला लावली, टायरमध्ये हवा भरली.

सकाळी निघताना सासरे मागच्या सीटवर जाऊन बसले. नवऱ्यानं किल्ली माझ्याकडे दिली. आंबा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. कराडला चहा झाला, सातारा झाला, दौंड झालं, सासरे गप्पच. राग आहे, असं मी धरून चालले. संध्याकाळी गावचा फाटा आला. पुढे पार लागणार, पारावर रोजची माणसं बसलेली असणार. मी जीप बाजूला घेतली.

“मामा, हितनं ह्यांच्याकडं देऊ का?”

“कावून? कशाला?” ते म्हणाले.

मी पहिला गिअर टाकला. पारावरच्या माना आमच्याबरोबर वळत गेल्या, आणि मी जीप मुद्दाम हळू नेली.

धाकटी जाऊ तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी होती. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि पहिला मान घरातल्या थोरल्याचा. ती सासऱ्यांसमोर गेली, तिनं हात उचलला. सासरे एक पाऊल मागे सरकले.

“मला मागनं,” ते म्हणाले. “आदी डायवरला ववाळ.”