रणगाड्यावरची किटली

वर्ध्याजवळच्या आंजी गावात आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. प्लास्टिकचे वीतभर रणगाडे जोडायचा त्यांना नाद आहे. खोक्यातल्या भागांवर त्यांचं समाधान होत नाही. चहाच्या गाळणीतून इंजिनावरची जाळी, ओल्या टिश्यू पेपरातून ताडपत्री असं त्या स्वतःच घडवतात आणि चिमट्याने चिकटवताना पुटपुटतात, "हालू नको बाप्पा, झालंच."

मी फौजेत रणगाडा चालवलेला, म्हणून बारीकसारीक मला विचारतात. एकदा मी थाप मारली, "आमच्या रणगाड्याच्या मागं चहाची किटली लटकायची." आठवडाभरात तांदळाएवढी किटली तयार, तारेच्या दांडीसकट!

वर्ध्याच्या हस्तकला प्रदर्शनात त्यांनी तो रणगाडा मांडला. परीक्षक म्हणाले, "ही किटली चुकीची आहे. काढा, मग पहिला नंबर तुमचाच."

"काऊन काढू? हे भाऊ सोता रणगाडा चालवत होते. यायलेच इचारा."

मी मान डोलावली. नंबर हुकला.

परतताना बसमध्ये मी सगळं कबूल केलं. त्या फिस्सकन हसल्या.

"मले माहीत होतं न, भाऊ. थाप मारतानी तुमचे कान लाल होतात. पण येवढी मस्त जमलेली किटली कोणी तोडते काय?"