परातीचा उजेड

भाकरी थापताना परातीतून ज्वारीच्या पिठाचा वास आला, की मला माझी पहिली ऑनलाइन मुलाखत आठवते. सोलापुरातल्या आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही माझ्या पाठीशी. त्यामुळे कॅमेऱ्यात माझा चेहरा काळाठिक्कर दिसत होता. उलटं बसावं तर मागे पिठाचे डबे आणि दोरीवरचे कपडे. पाच मिनिटं उरली असताना आई भाकरीची परात लख्ख घासून घेऊन आली. "तू बस की गं गप," म्हणत ती लॅपटॉपमागे स्टुलावर बसली आणि खिडकीतलं ऊन परातीवर झेलून तिनं माझ्या तोंडावर सोडलं. मी उजळले! आवाज नको म्हणून पंखा बंद होता. मे महिन्याच्या त्या काहिलीत अर्धा तास तिचे हात हलले नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, "अभिनंदन, सोमवारपासून रुजू व्हा," आणि आईनं हरखून परातीवर दणकन थाप मारली. साहेब दचकले. "काय वाजलं?" मी म्हणाले, "आई." आता मुलाखती मी घेते. निवड झाल्याचं सांगितल्यावर पलीकडे काही दणाणलं, तर मी लगेच म्हणते, "त्यांनाही कॅमेऱ्यासमोर बोलवा की."