बमरोलीच्या तळ्यातला पाहुणा

बातमीचं आयुष्य एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी तिच्यात खमण बांधून मिळतं. किस्से मात्र छापलेले नसतात, त्यामुळे त्यांचा पुडाही होत नाही. ते डोक्यातच साठत जातात. सुरतेत मी संप पाहिले, धाडी पाहिल्या, भल्याभल्यांशी भांडलो. पण जुनी मंडळी भेटली की विचारतात काय? "तो मांगूर आठवतो का हो?"

आठवतो म्हणजे काय! अजून डोकं फिरतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रविवारी सकाळी बमरोलीमागच्या तळ्यावर आम्ही तिघं गळ टाकून बसायचो. धनराजभाऊ पाटील, अमळनेरकडचे, पांडेसऱ्यात लूम मास्टर. कुलकर्णी, बँकेत ऑफिसर. आणि मी, वर्तमानपत्रातला बातमीदार. आमचा नियम एकच होता. पिल्लं राखणाऱ्या मरळीला गळ दाखवायचा नाही. मरळीची पिल्लं लालभडक असतात, गोळ्यानं पाण्यावर फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. तो गोळा दिसला की धनराजभाऊ देवळात काढावी तशी चप्पल काढायचे!

*

पहिला मांगूर त्यांच्याच गळाला लागला. काळा, मिशाळ, हातभर लांब. कुणीतरी परदेशी जात टाक्यांत वाढवली होती, ती पुरात सुटून तळ्यात शिरली होती. भाऊंनी तो ओल्या गोणीत घालून घरी नेला आणि मोरीत ठेवला.

दुपारी शेजारीण किंचाळली, "साप! साप!"

मांगूर गोणीतून निघून सरपटत थेट खाटेखाली पोचला होता. भाऊ काठी शोधत होते. वहिनी मात्र कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "हाऊ मासा नही शे, पाव्हना शे. घर देखी राह्यना!"

*

कुलकर्णी पक्के शाकाहारी. मासा पकडायचा, त्याचं कौतुक करायचं आणि सोडून द्यायचा, ही त्यांची रीत. मांगूरही सोडायला निघाले.

"साहेब," भाऊ म्हणाले, "तुम्ही एक सोडणार. तो खाली जाऊन पन्नास खाणार. त्या पन्नासांचं पाप कोनाच्या नावावर?"

कुलकर्णी विचारात पडले. मग त्यांनी मांगूर भाऊंच्या हातात दिला आणि स्वतः तळ्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. "तुम्ही काय ते करा. मी पाहिलं नाही."

मी म्हणालो, "कुलकर्णी, ह्याला अहिंसा म्हणत नाहीत. काम आपलं, हात दुसऱ्याचे, ह्याला सुरतेत जॉबवर्क म्हणतात!"

*

मी चिडून बातमी लिहिली. परका मासा तळं गिळतोय, मरळ संपत चाललीय, सरकार झोपलंय! आधी मासेमारी खात्यातल्या एका साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "लेखी तक्रार कुणाची आहे?" म्हटलं, "मेलेल्या माशांची." त्यांनी चहा मागवला, तोही फक्त स्वतःसाठी.

संपादकांनी कॉपी वाचली. "एकतर्फी आहे. दुसरी बाजू कुठाय?"

"मांगूरची?"

"ज्याच्यावर आरोप आहे त्याची."

मी रागाच्या भरात शेवटी एक ओळ जोडली, 'याबाबत मांगूरशी संपर्क होऊ शकला नाही.'

छापून आली ना! जशीच्या तशी!

*

पण आम्ही इतके मांगूर काढत होतो, तरी ते कमी का होत नव्हते? उत्तर एका रविवारी टेम्पोत बसून आलं.

टेम्पोत पाण्याचे ड्रम, हार, नारळ आणि जितूभाई. पलसाण्याला त्यांचं साड्या रंगवायचं, डाइंगचं युनिट. बाजारातून जिवंत मासे विकत घ्यायचे आणि पुण्य म्हणून तळ्यात सोडायचे, हा त्यांच्या घरचा जीवदयेचा नेम. त्यांनी ड्रम उपडा केला. सगळे मांगूर!

"अहो, दुसरा मासा नाही मिळाला?" मी ओरडलो.

"बाजारात बाकी सगळे मेलेले असतात, साहेब. हेच जिवंत असतात. मेलेल्याला सोडवणार कसं?"

"कुठल्या दुकानातून आणता?"

त्यांनी मासेवालीचं नाव सांगितलं. धनराजभाऊंचा चेहरा उतरला. वहिनींनी मांगूरला घरबंदी केल्यापासून आमचे सगळे मासे भाऊ त्याच बाईला फुकट देऊन येत होते. ओल्या गोणीत. जिवंत!

म्हणजे आम्ही काढायचे, तिनं विकायचे, जितूभाईंनी सोडायचे. प्रत्येक आठवड्याला मांगूर सुरत दर्शन करून घरी परत!

*

त्या पावसाळ्यात मरळीच्या एकाच जोडीला पिल्लं झाली. लाल गोळा पायरीजवळ फिरत होता, दर रविवारी थोडा बारीक दिसत होता. आणि जितूभाई पुन्हा ड्रम घेऊन आले. ह्या वेळी बांना घेऊन. बा म्हणजे त्यांची आई. माहेर नंदुरबारचं, मराठी आपल्यासारखंच. मासे सोडायचा नेम मुळात त्यांचा.

मी भांडायच्या तयारीत पुढे झालो. बांनी मला हातानं थांबवलं. त्या पाण्याकडे बघत होत्या.

"हे लाल काय आहे?"

"पिल्लं शेत, बा," भाऊ म्हणाले. "मरळीची."

तेवढ्यात खालून काळं, मिशाळ तोंड वर आलं. पाणी फुटलं. गोळा विखुरला, पुन्हा जमला तेव्हा अर्धाच होता. मरळ वेड्यासारखी गोल फिरत राहिली.

बांनी हातातला हार पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "जितू, ड्रम परत टेम्पोत ठेव."

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर पायरीवर खुर्ची. खुर्चीत पांढऱ्या साडीतल्या बा, हातात दोरी. गळ नाही. दोरीच्या टोकाला युनिटमधली साडीची चिंधी आणि तिच्यात पिठाचा गोळा. मांगूर चिंधी चावायचा, दात धाग्यात अडकायचे, बा ओढायच्या. शेजारी जितूभाई ड्रम धरून उभे. काढलेले मांगूर ठेवायला युनिटवर एक टाकी मोकळी केली होती, जाळी लावून. पायरीशी लाल गोळा होता. लहानसा, पण होता.

कुलकर्णी गहिवरून पुढे झाले. "बा, तुम्ही दमलात. द्या, मी ओढतो."

बांनी दोरी सोडली नाही. वरही पाहिलं नाही.

"नको भाई. मी सोडलेत, मीच काढीन. हे जॉबवर्कला द्यायचं नसतं."