ऐकलेली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला तर नाहीच—आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

मेधा माझी बायको. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवा तंबू गाडीच्या डिकीत टाकून आम्ही रेवसपासून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालो होतो. आवडेल तिथे मुक्काम. हौस सगळी तिची. रेवदंड्याला तिने ताजे बांगडे घेतले, खाडीपलीकडे सुरूच्या बनात तीन दगडांवर भाजले आणि बोटं चाटत म्हणाली, "दरवर्षी यायचं हं आपण." एवढंच तर मागणं होतं—नाही?

सकाळी ओहोटी होती. समुद्र पार आत गेलेला, काळे खडक उघडे पडलेले. आम्ही शेवटच्या खडकापर्यंत चालत गेलो. ती डबक्यांतले खेकडे बघत रमली. मी सहज मागे वळलो—तर आमच्या आणि वाळूच्या मधल्या सखल भागात पाणी भरत होतं. भरती समोरून येते असं मला वाटायचं. ती पाठीमागून आली होती.

"मेधा, चल!" म्हणून मी निघालो. पुढे मी, मागे ती. मला पोहता येत नाही—पण हे मी कशाला सांगतोय? तिलाही येत नव्हतं.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा मागून हाक आली. "थांब! पाय अडकलाय माझा!"

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा.

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. आणि वळलो नाही. वळलो असतो तर ती दिसली असती, मग जावंच लागलं असतं—हे मला तेव्हाही नीट कळत होतं. मी वाळूकडे पळालो.

तिथे पोचल्यावर बोंब मारली. होडी पाण्यात लोटणारे दोघे कोळी धावत आले. "बाई कुठं हाय?" मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तिला सोडवलं तेव्हा पाणी गळ्याशी आलं होतं. लाटांच्या ओढीने खडकाच्या फटीत घोट्याचा चुरा झाला होता.

दवाखान्यात तिनेच विचारलं, "मी हाक मारली, ती ऐकू नाही ना आली तुला? लाटांचा आवाज केवढा होता!" बघा—सबबसुद्धा तिनेच दिली.

"नाही गं," मी म्हणालो. "काहीच नाही."

पाय कायमचा अधू झाला. तरी कितीतरी वर्षं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची—हा धावत गेला, माणसं आणली, म्हणून मी वाचले. मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा. तंबू मी परस्पर देऊन टाकला.

मागच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, लोणच्याच्या कैऱ्या चिरता चिरता ती म्हणाली, "एक विचारू? तेव्हा ऐकू आलं होतं ना तुला? खरं सांग. मी रागावणार नाही."

रागावली नसतीच. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही गं. शप्पथ."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची कैरी घेतली.

तेव्हापासून ती पाहुण्यांना ती गोष्ट सांगत नाही. मला हाकही मारत नाही. फळीवरचा डबा हवा असला तरी स्वतःच स्टूल ओढते. मी उठतो—पण स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ती त्या पायावर भार देऊन वर चढलेली असते.