आईसाठी आणलेलं वावर

दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पोखर्णीजवळच्या आमच्या गावाहून परभणीला, माझ्या भाड्याच्या खोलीत राहायला आली. चालायचं ते घरातल्या घरात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लग्न झाल्यापासून वावरात पाऊल टाकलं नाही असा आठवडा तिला माहीत नव्हता. आता ती खिडकीतून समोरच्या घरावरची पाण्याची टाकी बघत बसायची. तिचं जेवण दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं.

शेती धाकटा भाऊ बघतो. तो मोबाइलवर फोटो पाठवायचा. आई फोन डोळ्यांजवळ धरायची, लांब धरायची.

"ह्यात समदं मुंगीएवढं दिसायलंय. तूच काढून आण की. तुला येतंय ना चित्र?"

येत होतं, म्हणजे शाळेत शिकवण्यापुरतं. मी चित्रकलेची शिक्षिका. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कडेला नारळाचं झाड. आमच्या वावरातून यातलं काहीच दिसत नाही. खरं सांगायचं तर ते वावर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ऐन खुरपणीच्या दिवसांतही आई म्हणायची, "तू बस वाचत." त्या तीन शब्दांच्या जोरावर मी नोकरीपर्यंत पोचले.

मग दर रविवारी पहिल्या बसनं मी गावाकडे जाऊ लागले. पहिल्या चित्रात कोवळं ऊन खुलून दिसावं म्हणून ज्वारीच्या पानांवर मी सढळ हातानं पिवळा रंग सोडला. संध्याकाळी आईनं कागद मांडीवर घेतला आणि तिचा चेहराच उतरला. तिनं लगेच भावाला फोन लावायला सांगितलं.

"आरं, ज्वारी पिवळी पडायलीय न् तू मला बोलला न्हाईस? पाणी लय झालंय का?"

फोन स्पीकरवर होता. "आई, ज्वारी हिरवीगार हाय. ताईच्या रंगावर रोग पडलाय. तिच्यावरच फवारा मार!"

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं, त्या कागदावरून आई वावरात जाऊन आली होती. तिथं माझ्या मनचं काही घालून चालणार नव्हतं.

तेव्हापासून रंग काढण्याआधी नुसतं बघत बसायची सवय लागली. सुकलेली काळी माती भर दुपारी राखेसारखी दिसते, पाणी दिलेल्या सरीत तीच जांभळट होते. हरभऱ्यावर दव असेपर्यंत तो हिरवा नसतोच, जवळजवळ पांढरा असतो. ज्वारीच्या पानाची मधली शीर कोरी सोडली की पान आपोआप वळतं, हे कळायला पुष्कळ रविवार गेले. बिघडलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवरही मी चित्रं काढली.

आई भाकरी कुस्करत चित्रातल्या वावरात फिरायची. "बांधावरच्या बोरीला बोरं लागली का? ही पाखरं बसायलीत, राखणीला कोण हाय?" बोलता बोलता ताट रिकामं व्हायचं. मी गुपचूप आणखी वाढायची.

ज्वारी काढणीला आली तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर पडायची मोकळीक दिली. भावानं जीप थेट बांधापर्यंत आणली. काठी टेकत आई उतरली, सगळ्या वावरावरून नजर फिरवली. चित्रांबद्दल ती काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिचं लक्ष मात्र पायाशी गेलं. तिथलं गवत बसून बसून चेपलं होतं, दगडावर रंगाचे ठिपके वाळले होते.

"हितं बसत होतीस?"

"हो."

"येडी का काय! तिकडं निंबाची सावली असताना उन्हात?"

"निंबाखालून विहीर दिसत न्हाई, आई. तू भाकरी खायला बसायचीस ती जागा बी दिसत न्हाई."

मी माझ्या नेहमीच्या जागी बसले आणि पिशवीतून कागद काढला. आई विहिरीकडे बघत राहिली. मग माझ्या शेजारच्या दगडावर हळूच टेकली आणि पदर लांब करून माझ्या डोक्यावर धरला.

"काढ आता," ती म्हणाली. "मी धरते सावली."