बाकांखालची अन्ननलिका

आज पेपरातून एका शाळेच्या प्रवेशाचं पत्रक पडलं आणि जुना संताप उसळला. सदाशिव पेठेतल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. एकदा बाक जोडून त्यांच्याखाली अन्ननलिका केली आणि मुलं घास होऊन धुळीतून सरपटू लागली. टोकाला जठर म्हणून उभी होती वर्गात कधीच तोंड न उघडलेली एक मुलगी. ती प्रत्येकाला अडवून दरडावत होती, "नीट चावलंय का तुला?" तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. दारातूनच त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाल्या, "अहो बाई, करमणूक झाली असेल तर प्रश्नोत्तरं लिहून द्या." बाक सरळ झाले. ती मुलगी नंतर वर्षभर बोलली नाही. पत्रकावर तिचाच फोटो आहे, दरडावतानाचा. खाली छापलंय, 'आमच्याकडे हसतखेळत शिक्षण'.