टाकीमागचा बैल

शेषरावांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अमरावतीच्या उन्हात दुपारी कालवलेलं सिमेंट तडकतं. म्हणून बैलाचं पोट, वशिंड, कान, जे लिंपायचं ते सूर्य वर यायच्या आत. मग दिवसभर ओली पोती बदलत राहायचं. आधी सळई, मग जाळी, मग हातानं थरावर थर. एक बसलेला बैल घडवण्यात अख्खा उन्हाळा गेला.

नांदगाव पेठच्या वाटेवर कमलाकांत वकिलांनी मोठी बाग केली होती. तिच्यात मूर्ती मांडायच्या होत्या. बैल शेषरावांचा, मोर अकोल्याच्या योगेशचा. योगेशनं साच्यात फायबर ओतलं, रंग फवारला, की मोर तयार. काखोटीला मारून घेऊन आला. वकिलांनी तो फाटकाजवळच्या चौथऱ्यावर बसवला. बैल गेला मागं, पाण्याच्या टाकीआड.

येणारा-जाणारा मोरापाशी फोटो काढायचा. शेषराव झाडांना पाणी घालायच्या कामावर तिथंच राहिले होते. ते बघत आणि आतल्या आत जळत.

"मजुरी भेटली ना?" बायको जमुना म्हणाली. "मंग काहून जीव जाळून राहिले?"

"घाम तरी गाळला काय त्यानं?"

"त्याचा घाम तुमी काहून मोजता?"

पोळा आला. आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात आणि त्याला जेवायचं आवतन देतात. वकिलांची आई गोदावरीबाई बागेत फिरायला येतात ती वेळ शेषरावांनी हेरली. सिमेंटच्या बैलाचे खांदे चोळत ते मोठ्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

शेतावर ट्रॅक्टर आल्यापासून बाईंच्या घरी पोळा झाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. "आवतन दिलेला बैल टाकीमागं ठेवतात काय रे?" त्यांनी मुलाला सुनावलं.

पोळ्याच्या सकाळी मोर खाली उतरला, बैल फाटकाजवळ चढला. शिंगांना बेगड, गळ्यात माळा, पुढ्यात पुरणपोळीचं ताट. शेषरावांनी योगेशला मुद्दाम फोन करून बोलावलं, आणि त्याचं तोंड कसं होतं ते डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "शेषराव, तुमी आवतन दिलं, मी नैवेद्य दाखवला. हा आता देव झाला. इथून लोक जोडे घालून जातील, कुत्री फिरतील. आमच्या गावच्या महादेवापुढं जाऊ द्या त्याले."

गाव दूर, कौंडण्यपूरच्या बाजूचं. शेषरावांनी बैलाच्या गळ्यातल्या सुकलेल्या माळा उतरवल्या.

टेम्पोत बैल चढवायला, मोर परत बसवायला आलेल्या योगेशनंच हात लावला. घाम पुसत हसला. "भाऊ, तुमचा बैल देव झाला. माहा मोर बिचारा मजूरच राह्यला!"

मोर पुन्हा चौथऱ्यावर बसला.

गावात त्या बैलाला रोज हार पडतो म्हणतात. शेषराव पाहायला गेले नाहीत. देवापुढं हात जोडणारा माणूस तो कोणी घडवला हे विचारत नाही.

त्यांनी बागेचं काम सोडलं. निघताना दोरीनं चौथऱ्याची उंची मापून घेतली. बैलाच्या मजुरीतून विटा, सिमेंट आणि काळा दगड आला. आज त्यांच्या घरापुढं, अगदी रस्त्याला लागून, वकिलांच्याहून हातभर उंच चौथरा उभा आहे. त्यावर काय बसवायचं ते अजून ठरलेलं नाही.